डब्याविना उरलेलं झाकण : घरच्या आठवणींच्या मुलांसाठी गोष्टी कशा कराव्यात

माझ्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर एक पितळी झाकण आहे. त्याला कडी आहे, काठाला एक पोचा आहे, आणि त्याचा डबा नाही. नातू सहा वर्षांचा असताना त्याने एका दुपारी ते घरातल्या सगळ्या डब्यांना लावून पाहिलं. एकालाही बसेना. "आजी, ह्याचा डबा कुठंय?" मी म्हटलं, "पुरात गेला." "कुठल्या पुरात?"

मग मी त्याला पानशेतचा पूर सांगायला बसले. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. किती वाडे पडले, किती संसार वाहून गेले. दोन मिनिटांत तो उठून खेळायला गेला. माझ्या लहानपणातला सगळ्यात मोठा दिवस मी सांगत होते, म्हणून मला फार लागलं ते. रात्री विचार करताना कळलं की चूक माझी होती. त्याने डब्याचं विचारलं होतं, मी धरणाचं उत्तर दिलं.

त्यानंतर चार वर्षांत मी माझ्या दोन नातवंडांसाठी घरच्या अकरा गोष्टी लिहून काढल्या. काही जमल्या, काही तीन-तीनदा मोडून पुन्हा लिहाव्या लागल्या. ओळखीच्या बायका विचारतात, "आम्हालाही लिहायचंय, पण सुरुवात कशी करू?" त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे. आजोबांनाही यातलं सगळं लागू आहे.

आधी वस्तू शोधा

बहुतेक जणी पहिल्या पानावर लिहितात, "माझा जन्म अमुक गावी अमुक साली झाला." तिथून सुरुवात केली की ते आत्मचरित्र होतं आणि मुलं त्यातून निसटतात. वर्षांच्या मागे लागू नका. घरात फिरा आणि मुलाच्या हातात देता येईल अशी एक वस्तू शोधा. अडकित्ता, पाटा-वरवंटा, आजोबांची काठी, बाळंतविडा बांधलेली दुपटी, शिवणयंत्राचा डबा, पितळी घंगाळ, सासूबाईंची फणेरपेटी, रॉकेलची चिमणी, कोणाच्या तरी नावाचं ठोके मारलेलं भांडं. नाव घातलेली भांडी म्हणजे तर खजिनाच. ताटाच्या काठावर कोणाचं नाव आहे, कोणत्या लग्नात आलं, ते आपल्या घरी कसं, या तीन प्रश्नांत एक गोष्ट असते.

वस्तू उरली नसेल तर जागा चालेल : माजघर, माळा, बाळंतिणीची खोली, विहिरीचा काठ. जागाही नसेल तर वास किंवा आवाज. पहाटेच्या जात्याची घरघर माझ्या वयाच्या अनेकींच्या कानात अजून आहे. तिथूनही सुरुवात होते.

एका वस्तूपुढे एकच आठवण धरा. माझ्या सासरच्या घंगाळाला चिकटून पाच आठवणी आहेत, आणि पहिल्यांदा मी त्या पाचही एका गोष्टीत कोंबल्या होत्या. नात म्हणाली, "आजी, ह्यातली गोष्ट कोणती?" तिचं बरोबर होतं.

वही कशी ठेवावी

दोनशे पानी वही घ्या, आखीव. डाव्या पानावर माहिती, उजव्या पानावर गोष्ट. डावीकडे आठवेल ते आठवेल तसं टाका, तुटक, अर्धवट; शुद्धलेखन बघू नका. उजवं पान पुष्कळ दिवस कोरं राहिलं तरी चालतं.

डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे मी एक खूण करते. मी स्वतः पाहिलं असेल तर काही खूण नाही. कोणी सांगितलेलं असेल तर 'ऐ', म्हणजे ऐकीव. आणि कोणी सांगितलं तेही. मी अंदाजाने भरलं असेल तर 'क', म्हणजे कल्पना. हे वेळखाऊ वाटेल, पण ते सोडू नका. मुलं गोष्ट ऐकताना एक प्रश्न हमखास विचारतात, "हे खरं आहे?" त्या वेळी तुमच्याकडे खरं उत्तर हवं. "एवढं मी पाहिलं, हे माझ्या आत्याने सांगितलं, आणि ती काय बोलली असेल ते मी मनाने लिहिलं," असं सांगितलं की मूल समाधानाने मान डोलावतं. त्याला तिन्ही चालतात. पण तिन्हींची मिसळ करून "सगळं खरं" म्हटलं, आणि पुढे कधी मामाने वेगळं सांगितलं, तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास जातो.

वडीलधाऱ्यांना विचारताना

हे काम पुढे ढकलू नका. माझ्या मोठ्या काकूंना मी "दिवाळीनंतर निवांत येते" म्हटलं होतं. दिवाळीनंतर त्या राहिल्या नाहीत, आणि आमच्या वाड्याच्या विहिरीची अर्धी हकीकत त्यांच्याबरोबर गेली.

जाताना वस्तू किंवा फोटो घेऊन जा. "तुमच्या लहानपणचं काही सांगा" म्हटलं की माणसं म्हणतात, "काय सांगायचं, सगळ्यांसारखंच." झाकण हातात दिलं तर ऐंशी पार केलेली माझी आत्या ताठ बसली आणि अर्धा तास थांबली नाही. प्रश्न लहान ठेवा. स्वयंपाक कुठे व्हायचा? झोपायचं कुठे, कोणाशेजारी? मार कोणी द्यायचं? शाळेत जाताना वाटेत काय लागायचं? रात्री कशाची भीती वाटायची? भीतीचा प्रश्न विसरू नका, त्यातून सगळ्यात जास्त मिळतं.

फोनवर ध्वनिमुद्रण करा, पण आधी विचारून. फोन टेबलावर पालथा ठेवा, पंखा बंद करा, आणि गप्प राहा. सांगणारं माणूस थांबलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. आत्या एकदा चांगली मिनिटभर थांबली होती, आणि त्यानंतर जे बोलली ते तिने आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे, म्हातारी माणसं दमतात. घरी आलात की त्याच दिवशी मुद्रणाला नाव द्या : कोण, कशाबद्दल, तारीख. सहा महिन्यांनी 'नवीन मुद्रण १४' कोणतं ते कळत नाही.

जुने फोटो घरी नेऊ नका. तिथेच खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा उजेडात ठेवून फोनने फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. मागे काही लिहिलं असेल तर मागची बाजूही घ्या. स्वतःच्या फोटोंमागे नावं लिहायची असतील तर मऊ शिसपेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनची शाई आणि दाब पुढच्या बाजूला उमटतात. लॅमिनेशन करू नका.

तारखा पक्क्या करणं

आपली आठवण वर्षांनी चालत नाही, प्रसंगांनी चालते. म्हणून "कोणत्या साली?" असं न विचारता "त्याच्या आधी की नंतर?" असं विचारावं. साताऱ्याकडची माणसं कोयनेच्या भूकंपावरून सांगतील, तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. दुष्काळी भागात १९७२ : खडी फोडायला कोण जायचं, मुलांना सुकडी कुठे मिळायची, मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी कशा लागायच्या. गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, गणपती विसर्जनानंतरची पहाट. गोव्यात १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला तो दिवस. टीव्ही घरात आला का, असं मुंबईकरांना विचारताना लक्षात ठेवा की मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पैशांच्या गोष्टीत १ एप्रिल १९५७ महत्त्वाची, तेव्हापासून नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. त्यानंतरही कितीतरी वर्षं बायका पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत, त्यामुळे 'चार आणे' ऐकून साल ठरवू नका.

शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून दिसली तर सावध व्हा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आणि पुष्कळ गुरुजी नाव घालताना सरसकट १ जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या घरातले तिघे कागदोपत्री १ जूनला जन्मले आहेत. नातीला हे इतकं आवडलं की ती तिन्ही आजोबांचा वाढदिवस एकदम करते.

फार मागे जायचं असेल तर नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्रांच्या ठिकाणच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याच्या नोंदी मिळू शकतात, आडनाव आणि मूळ गाव माहीत हवं. जुन्या नोंदी मोडीत असतात. काही घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. पण खरं सांगू, मुलांच्या गोष्टींना त्यांचा उपयोग थोडा. पणजोबांच्या वडिलांचं नाव कळतं, त्यांना कुत्र्याची भीती वाटायची का ते कळत नाही.

तारीख तपासण्याचा एक अनुभव सांगते. आत्या ठामपणे म्हणायची, पूर आला त्या दिवशी दिव्याची अवस होती, आदल्या रात्री तिने दिवे घासून ठेवले होते. मला ते फार आवडलं. उजळलेले दिवे आणि वरून पाणी. मी तसं लिहिलंही. मग त्या वर्षाचं पंचांग पाहिलं. त्या साली अधिक ज्येष्ठ होता, म्हणून १२ जुलैची अमावस्या ज्येष्ठातली; दिव्याची अवस आषाढातली, ती त्यानंतर महिन्याने, ऑगस्टात आली. आत्याने दोन अमावस्या एकत्र केल्या होत्या. मी दिवे काढून टाकले. हळहळ वाटली, पण काढले.

आठवण आणि गोष्ट यांतला फरक

आता मुख्य काम. आठवण सांगते, "तेव्हा असं असायचं." गोष्ट सांगते, "एके दिवशी असं झालं." आम्ही चुलीवर स्वयंपाक करायचो, ही आठवण. एके दिवशी सगळी लाकडं भिजली आणि दारात सोळा माणसं जेवायला आली, इथून गोष्ट सुरू होते. तुमच्या डाव्या पानावर 'असायचं, करायचो, जायचो' अशीच क्रियापदं दिसत असतील तर अजून गोष्ट सापडलेली नाही. खोदत राहा, 'झालं, पडलं, लपवलं, हरवलं' येईपर्यंत.

दुसरं : गोष्टीतली अडचण मुलाच्या मापाची हवी. हे समजायला मला फार वेळ लागला. पुराबद्दलचा माझा पहिला खर्डा असा होता :

"१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला. आमचा नारायण पेठेतला वाडा पाण्याखाली गेला. आमचे अतोनात हाल झाले. परंतु आईवडिलांनी न डगमगता पुन्हा संसार उभा केला."

यात खोटं काहीच नाही. पण यात सात वर्षांची मी कुठे आहे? त्या दिवशी मला धरणाची काळजी नव्हती, धरण म्हणजे काय तेही नीट माहीत नव्हतं. मला काळजी होती ती आईच्या डब्याची. म्हणून उजव्या पानावर पुन्हा लिहायला घेतलं :

"आईने माझ्या एका हातात डबा दिला आणि दुसऱ्या हातात बाळ्या. 'दोघांनाही सोडायचं नाही,' ती म्हणाली. तिच्या कडेवर तान्ही होती आणि डोक्यावर गाठोडं.

डबा पितळी होता, गच्च भरलेला. आत दाण्याचे लाडू होते. बाळ्या तीन वर्षांचा होता. तोही गच्च होता, आणि त्याला चालायचं नव्हतं.

बोळात पाणी आलं होतं. आधी पावलं बुडाली, मग घोटे. सगळे पर्वतीकडे चालले होते. कोपऱ्यावर बाळ्या खाली बसला. पाण्यातच बसला. मी त्याला ओढलं, तो उठेना. मी डब्याला हिसका दिला आणि बाळ्याला काखेत धरलं.

डब्याच्या झाकणाला कडी होती. मी कडीलाच धरलं होतं. टप्! झाकण माझ्या हातात राहिलं आणि डबा पाण्यात. तो बुडाला नाही. होडीसारखा डुलत डुलत, लाडू घेऊन, कोपऱ्यावरून वळला.

मी झाकण परकराच्या ओच्यात लपवलं. आता आईला काय सांगू?"

इथे पूर आहे, पण तो मागे आहे. पुढे आहे ते 'आता आईला काय सांगू?' नातवाने हे ऐकलं तेव्हा तो जागचा हलला नाही. पूर त्याला माहीत नाही, आईची वस्तू हरवणं त्याला चांगलं माहीत आहे. मग त्यानेच विचारलं, "धरण का फुटलं?" आता धरणाची वेळ आली. मी सांगितलं की बांध नवा होता, काम पुरतं झालेलं नव्हतं, आणि आदल्या रात्री जवानांनी तिथे वाळूची पोती रचून तो काही तास धरून ठेवला, म्हणून पाणी शहरात रात्री न येता दिवसा आलं. हे त्याने तोंड उघडं ठेवून ऐकलं.

माझ्या गोष्टीचा शेवटही खरा आहे. दोन दिवसांनी आईला ते झाकण सापडलं. तिने विचारलं, "बाळ्याला धरलं होतंस ना?" मी म्हटलं, "हो." "मग एवढं झाकण घासून आण. पाणी मागू नकोस, नुसत्या राखेने घास." पुण्याला पाणी पुरवणारं खडकवासलाच फुटल्यामुळे नळाला पाणी नव्हतं. एवढा पूर येऊन गेला आणि भांडं घासायला पाणी नाही, हे मुलांना अजब वाटतं, आणि ते समजावून सांगायची गरज पडत नाही.

शेवटी बोधवाक्य लिहायचा मोह होईल. "म्हणून मुलांनो, वस्तूंपेक्षा माणसं मोठी." लिहू नका. आईने ते झाकण घासायला सांगितलं त्यात ते आलेलं आहे. आपण पुन्हा म्हटलं की मुलाला वाटतं, गोष्ट त्याला सुधारण्यासाठी सांगितली होती. तसंच "आमच्या वेळी असं नव्हतं, तुम्हाला सगळं आयतं मिळतं" हे वाक्य वहीत कुठेही आलं तर खोडा. त्या एका वाक्याने मूल गोष्टीबाहेर जातं.

लिहिण्याआधी तीनदा सांगा

मी कोणतीही गोष्ट तोंडी तीनदा सांगितल्याशिवाय कागदावर आणत नाही. पहिल्यांदा सांगताना मूल कुठे मधेच प्रश्न विचारतं ते लक्षात ठेवायचं. तिथे काहीतरी कमी आहे. दुसऱ्यांदा ते कुठे चुळबुळ करतं ते बघायचं, तिथे काहीतरी जास्त आहे. तिसऱ्यांदा मुलालाच सांगायला लावा. ते जे वाक्य तुमच्यासारखं हुबेहूब म्हणेल ते गोष्टीतलं पक्कं वाक्य. नात झाकणाची गोष्ट सांगताना "तोही गच्च होता" या वाक्यावर दर वेळी थांबते, समोरचा हसेपर्यंत.

आपल्या जुन्या गोष्टी आणि श्रावणातल्या कहाण्या याच रीतीने तयार झाल्या आहेत. पुन्हा पुन्हा येणारी ओळ, एकच प्रश्न तीन वेळा, दार उघडायला लावलेला उशीर. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी हे जसंच्या तसं वापरा. दोन-तीनशे शब्द, एक ओळ चार-पाचदा परत यायला हवी, आणि भरपूर आवाज. सहा ते आठ वर्षांना पाचशे ते सातशे शब्द पुरतात. सावकाश वाचून पाच-सहा मिनिटं. नऊच्या पुढच्या मुलांना लांब चालतं, आणि त्यांना पैशांचे आकडे, नकाशे, 'कसं चालायचं' हेही हवं असतं. बंब कसा पेटवायचा, पायलीचे शेर किती, पोस्टमन तार घेऊन आला की घरात सगळे का घाबरायचे. तार आता कोणी पाहणार नाही, २०१३ च्या जुलैत ती सेवा बंद झाली.

नातवंडं परदेशात असतील तर व्हिडिओ कॉलवर वस्तू कॅमेऱ्यासमोर धरून सांगा, आणि गोष्ट मधेच थांबवा. "पुढचं पुढच्या रविवारी." ज्या मुलांना मराठी ऐकून समजतं पण वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तुमच्या आवाजातलं मुद्रण हीच खरी प्रत. ते सांभाळून ठेवा.

जुने शब्द

फडताळ, शिंकाळं, ओसरी, बळद, घंगाळ, कोनाडा हे शब्द काढून टाकायचे का? मुळीच नाही. पण शेजारी अर्थ देत बसू नका, शब्दाला काम द्या. "मांजराचा हात पोचू नये म्हणून दुधाचं पातेलं शिंकाळ्यात टांगलेलं होतं. मांजर खाली बसून वर बघत होतं." शिंकाळं म्हणजे काय ते मांजराने सांगितलं. एका गोष्टीत असे तीन-चार शब्द पुरे.

माणसं बोलायची तसंच बोलू द्या. माझी आजी कोकणातली, तिच्या बोलण्याला तिकडचा हेल होता. तिला पुण्याची पुस्तकी भाषा दिली तेव्हा ती माझी आजी राहिली नाही. नात्यांची नावंही तीच ठेवा. वन्सं, भावोजी, आत्याबाई, अण्णा. कोण कोणाला 'अहो' म्हणायचं आणि कोण कोणाला 'अगं', यातून अख्खं घर उभं राहतं.

अवघड आठवणी

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. घरात मृत्यू झालेले असतात, भांडणं, वाटण्या, कर्ज, दारू, कोणाचं तरी लपवलेलं आजारपण. सगळंच मुलांना सांगायचं नसतं. पण सगळं गोडही करायचं नसतं. मी स्वतःला एवढंच विचारते : हे ऐकून मूल रात्री एकटं पडेल का? पडणार असेल तर ती गोष्ट थांबवते, मोठं झाल्यावरच्या वहीत टाकते. मृत्यू सांगायचा असेल तर साध्या शब्दांत सांगते. "ते वारले." "देवाघरी गेले" म्हटलं की लहान मूल परत कधी येणार ते विचारत बसतं. आणि त्या वेळी मोठं कोण जवळ होतं, मला कोणी पोटाशी धरलं, तेही सांगते.

आपल्या घराची चूकही झाकू नये. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा असायचा, कान तुटलेला, मोरीजवळच्या कोनाड्यात. बाळ्याला आणि मला त्या कपाला हात लावायची परवानगी नव्हती. मावशी माझी वेणी घालायच्या, मला अंगाईसारखं काहीतरी गुणगुणायच्या, आणि चहा त्या कपातून प्यायच्या. ही गोष्ट लिहू की नको, असं दोन वर्षं चाललं होतं. शेवटी लिहिली. नातीने विचारलं, "का वेगळा?" मी म्हटलं, "जातीमुळे. आम्ही चुकीचं वागत होतो." "तू काही बोलली नाहीस?" "नाही. मला ते चूक आहे हे कळायलाच फार वर्षं लागली." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, हे गोष्टीत लिही, तू बोलली नाहीस ते. मी लिहिलं. माझ्या अकरा गोष्टींतली तीच सगळ्यात खरी आहे असं मला वाटतं.

ज्याची गोष्ट त्याला विचारा

जी माणसं हयात आहेत त्यांना छापण्याआधी वाचून दाखवा. बाळ्या आता सत्तरीकडे झुकला आहे. गोष्ट ऐकून म्हणाला, "ताई, सगळं ठीक, पण पाण्यात बसलो त्याचं कारणही लिही. माझ्या पायाला काहीतरी बोचलं होतं." साठ वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. मी ते घातलं, आणि गोष्ट चांगली झाली. आधी तो नुसता हट्टी दिसत होता.

आत्याचं आणि माझं मात्र जुळलं नाही. ती म्हणते डब्यात लाडू नव्हते, चिवडा होता. तारीख पंचांगात बघता येते, डब्यात काय होतं ते बघायला काही साधन नाही. म्हणून गोष्टीत लाडू ठेवले आणि खाली एक ओळ लिहिली : "आत्याआजीच्या मते चिवडा." मुलांना ही ओळ फार आवडते. दोन म्हाताऱ्या साठ वर्षांपूर्वीच्या खाऊवरून वाद घालतात, याची त्यांना गंमत वाटते. पण ज्या गोष्टीने घरात जुनं भांडण पुन्हा पेटेल ती मुलांच्या वहीत नको.

पुस्तिका बांधणं

छापखान्यात जायची गरज नाही. ए-४ आकाराचे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानं होतात, म्हणून मजकूर चारच्या पटीत बसवा. वर जाड कार्डाचं वेष्टन. दुमडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक मधे, दोन वर-खाली. जाड दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर घाला, वरच्या भोकातून आत, तिथून खालच्या भोकातून बाहेर, पुन्हा मधल्या भोकातून आत, आणि दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. दाभण मुलांच्या हातात देऊ नका, दोरा ओढायला द्या.

अक्षर मोठं आणि सुटं काढा. हल्लीच्या मुलांना देवनागरी सावकाश वाचता येते. जोडाक्षरं दाटीवाटीने आली की ती थकतात. हात थरथरत असेल तर फोनला मराठीत सांगून लिहून घेता येतं, मात्र अनुस्वार आणि जुने शब्द नीट तपासा; माझ्या फोनला 'ओसरी' काही केल्या समजत नाही. पहिल्या पानावर सांगणाऱ्याचं नाव, गावाचं नाव, सांगितल्याची तारीख. एक प्रत घरी, एक दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडे, आणि पानांचे फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनवर. पुराने घर पाहिलेली माणसं एका जागी काही ठेवत नाहीत.

चित्रं मुलांना काढू द्या. आणि शेवटची चार पानं कोरी सोडा. का ते मला आधी माहीत नव्हतं, कागद उरले म्हणून सोडली होती. नातीने विचारलं, "डबा आता कुठे असेल?" आम्ही नकाशा काढून बसलो. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, भीमा पंढरपुरावरून जाऊन कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तेव्हा उजनी धरण झालं नव्हतं, म्हणजे वाटेत अडकलाही नसेल. तिने चारही पानांवर आडवी निळी नदी काढली. पंढरपूरच्या वाळवंटात डबा थांबला आहे, आणि दोन वारकरी वाकून आत बघताहेत. एकाच्या तोंडातून शब्द निघालेत, "लाडू!" दुसरा म्हणतोय, "चिवडा!"